औषधदान, अभयदान आणि एक करारनामा

व्यापाऱ्याच्या घरात कोणताही कागद सही करण्यापूर्वी पुन्हा पुन्हा वाचला जातो. माल किती, भाव काय, रक्कम कधी द्यायची, जामीन कोण आणि शब्द मोडला तर नुकसान कोणी सोसायचे, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पेढीवरचा अनुभवी माणूस पेन हाती घेत नाही. मुलांच्या शिक्षणाची वेळ आली की मात्र हीच चोखंदळ वृत्ती कुठे तरी हरवते. शुल्क किती आणि पदवी कोणती, एवढ्यावर निर्णय उरकला जातो. एका शिक्षणक्रमाच्या बाबतीत असे करून चालत नाही, कारण तेथे शुल्काच्या रकान्यात शून्य असते आणि खरी किंमत पुढच्या पानावर लिहिलेली असते. ते शिक्षण म्हणजे सैन्यदलातील डॉक्टरांचे, आणि ते देणारी संस्था म्हणजे पुण्याच्या वानवडीतील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारेजण 'एएफएमसी' म्हणून ओळखतात.

नवी मुंबईतील एका जैन कुटुंबापुढे हा कागद आला, तेव्हा त्या घरातील चारही पिढीजात समजुतींची परीक्षा झाली. हे कुटुंब मूळचे सांगलीचे. राजापुरी हळदीचा व्यापार हा त्यांचा तीन पिढ्यांचा व्यवसाय. हरिपूरच्या पेवांत साठवलेल्या हळदीच्या गोष्टी सांगत घरातील आजोबा, ज्यांना सारे आप्पा म्हणतात, प्रथम मशीद बंदरात आडतीवर बसले आणि बाजार वाशीला आल्यावर कुटुंबासह नेरूळला स्थायिक झाले. मसाला बाजारातील गाळा आता अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे मुलांचे काका, सांभाळतात. सकाळी दर्शन, मग बाजार, सूर्यास्तापूर्वी जेवण, रात्री आप्पांच्या खोलीत थोडा स्वाध्याय, असा त्या घराचा क्रम आहे. अण्णांची थोरली मुलगी बारावीनंतर नीटच्या परीक्षेला बसली आणि तिला चांगले गुण मिळाले. खासगी महाविद्यालयाचे दार पैशाने उघडले असते. दूरच्या एखाद्या जिल्ह्यातील शासकीय महाविद्यालयाची आशा होती. त्याच वेळी पुण्याहून निवडचाचणीचे बोलावणे आले.

काकांना ही वार्ता फार आवडली. ते हिशेबाचे पक्के. खासगी महाविद्यालयाचे साडेचार वर्षांचे शुल्क, वसतिगृह, पुस्तके, येणे-जाणे असा आकडा त्यांनी गाळ्यावरच मांडला आणि म्हणाले, "अण्णा, एवढी रक्कम वाचते. शिवाय पोरगी डॉक्टर होते. याहून चांगला सौदा कोणता?" अण्णाही सुखावले. घरात एकटे आप्पा गप्प होते. त्यांनी एवढेच विचारले, "सरकार एवढे फुकट देते, त्याच्या बदल्यात मागते काय?"

या प्रश्नाचे उत्तर त्या संस्थेच्या इतिहासातच आहे. दुसरे महायुद्ध संपले, देश स्वतंत्र झाला आणि सैन्याच्या आरोग्यसेवेची नव्याने उभारणी करण्याची गरज भासू लागली. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार, युद्धकाळात निर्माण झालेली सैन्याची निरनिराळी वैद्यकीय केंद्रे एकत्र करून १ मे १९४८ रोजी पुण्यात हे महाविद्यालय स्थापन झाले. आरंभी तेथे सेवेत असलेल्या डॉक्टरांनाच पुढचे प्रशिक्षण मिळे. बारावी झालेल्या मुलांना घेऊन त्यांना तेथेच डॉक्टर करण्याचा शिक्षणक्रम ४ ऑगस्ट १९६२ रोजी सुरू झाला. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत चीनशी युद्ध पेटले आणि हिमालयातील उंचीवर लढणाऱ्या सैन्याला कसे डॉक्टर लागतात हे सर्वांना कळून चुकले. म्हणजे ही संस्था दानधर्मासाठी निघालेली नाही. सीमेवर, जहाजावर, विमानतळावर आणि छावणीत डॉक्टर हवा, म्हणून ती निघाली. सरकार मागते ते हेच: शिकून झाल्यावर तेथे जाणे.

प्रवेशाची वाटही इतर महाविद्यालयांसारखी नाही. देशभरातून २० लाखांहून अधिक विद्यार्थी नीट देतात. येथे जागा साधारण १५०. त्यांपैकी ११५ मुलांना, ३० मुलींना आणि उरलेल्या मित्रदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना. उमेदवार अविवाहित असावा लागतो, आणि शिक्षण चालू असताना विवाह करता येत नाही. बारावी पहिल्याच प्रयत्नात, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून ६० टक्के गुणांनी आणि इंग्रजीसह प्रत्येक विषयात किमान ५० टक्क्यांनी उत्तीर्ण असावे लागते. नीटचे गुण हे केवळ दारापर्यंत आणतात. पुढे इंग्रजीचे आकलन आणि तर्कशक्ती यांची चाचणी, मानसिक घडण तपासणारी चाचणी, अधिकाऱ्यांसमोर मुलाखत आणि शेवटी काटेकोर शारीरिक तपासणी. गुण उत्तम असूनही दृष्टी, श्रवण किंवा हाडांच्या एखाद्या दोषामुळे परत यावे लागते. म्हणून ज्या घरातील मूल ही वाट धरू इच्छिते, त्या घराने दुसरी वाटही मोकळी ठेवावी, एवढा व्यवहार पाळलेला बरा.

करारनामा मात्र सर्वांत महत्त्वाचा. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक सेवेचे बंधपत्र लिहून देतात. शिक्षणशुल्क नाही, राहण्याची सोय सरकारची. त्या बदल्यात पदवीनंतर सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून रुजू होणे बंधनकारक आहे. निम्म्या विद्यार्थ्यांना कायम नेमणूक मिळते, म्हणजे सारी कारकीर्दच गणवेशात. निम्म्यांना अल्पकालीन नेमणूक मिळते आणि तिचे बंधन सात वर्षांचे. कोणाला काय मिळेल हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडलेले नाही. सेवा नको असेल तर सरकारला मोठी रक्कम भरून द्यावी लागते.

येथे काकांच्या हिशेबाने दुसरे वळण घेतले. "मग अडचण कसली?" ते म्हणाले. "शिकू दे. नंतर पटले नाही तर रक्कम भरून सोडवू. खासगी महाविद्यालयात तरी एवढे जाणारच होते."

हा विचार अनेक सुस्थित घरांत उघडपणे बोलला जातो, म्हणून त्याची दखल घेणे आवश्यक आहे. कायद्याने ती मोकळीक आहे, हे खरे. पण १५० जागांतील एक जागा भरली की दुसऱ्या कोणाला ती मिळत नाही. जी मुलगी खरोखरच सियाचेनच्या पायथ्याशी जाऊन राहिली असती ती प्रतीक्षायादीवर राहते, आणि पैसे भरून सुटलेल्या डॉक्टराची जागा सीमेवरच्या रुग्णालयात रिकामी राहते. भरलेली रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते, पण रक्कम जखम शिवत नाही. आप्पांनी काकांना बाजाराच्याच भाषेत उत्तर दिले. "आगाऊ घेऊन माल न देणारा दंड भरून मोकळा होतो. पण दुसऱ्या हंगामात त्याच्या दारी कोणी आडत्या उभा राहत नाही. दंड भरला म्हणजे शब्द पाळला असे होत नाही."

तरीही आप्पांचा खरा प्रश्न पैशाचा नव्हता. तो अधिक खोल होता, आणि घरातील कोणीही तो आधी विचारला नव्हता. अहिंसा हा ज्या घराचा पाया, त्या घरातील मुलीने सैन्याचा गणवेश घालावा काय?

मुलगी आप्पांच्या स्वाध्यायात लहानपणापासून बसत आलेली. तिने त्यांच्याच शिकवणीतून उत्तर शोधले. "आप्पा, हिंसेचे चार प्रकार तुम्हीच सांगितलेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा. संरक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, असेही तुम्हीच म्हणता. आणि मी तर शस्त्र चालवायला जात नाही, शस्त्राने झालेली जखम बांधायला जाते."

आप्पांना हे उत्तर ठाऊक होते. श्रवणबेळगोळ येथील बाहुबलींची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी उभारली ते चामुंडराय गंग राजांचे सेनापतीच होते, हे काय त्यांना नवीन होते? पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो अवघड होता. "तू ज्या जवानाला बरे करशील तो पुन्हा बंदूक उचलून लढायला जाईल. त्याच्या हातून जे घडेल त्यात तुझा वाटा किती?"

मुलगी त्या दिवशी निरुत्तर झाली. या प्रश्नाला झटपट उत्तर नाहीच. पण गेल्या दीडशे वर्षांत जगाने त्यावर जो विचार केला आहे, त्याचा आरंभ एका व्यापाऱ्यापासून झाला, ही गोष्ट व्यापारी घराने जाणून घेण्यासारखी आहे.

हेन्री द्युनाँ हा जिनिव्हाचा व्यावसायिक. अल्जीरियातील आपल्या उद्योगाचे काम फ्रान्सच्या सम्राटाकडून करून घ्यावे, म्हणून तो १८५९ च्या जून महिन्यात उत्तर इटलीत पोचला. सम्राट तेथे युद्धात गुंतलेला. २४ जून रोजी सोल्फेरिनो येथे घनघोर लढाई झाली. हजारो जखमी माणसे मैदानात पडली होती आणि त्यांच्याकडे पाहणारे कोणी नव्हते. द्युनाँ आपला अर्ज विसरला. जवळच्या कास्तिल्योने गावातील स्त्रियांना घेऊन त्याने चर्चमध्ये जखमींची सेवा मांडली. हा आपला, तो शत्रूचा असा भेद त्या स्त्रियांनी केला नाही. या अनुभवावर त्याने १८६२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातून रेडक्रॉसची चळवळ उभी राहिली आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी पहिला जिनिव्हा करार झाला. द्युनाँचा स्वतःचा व्यवसाय मात्र १८६७ मध्ये बुडाला, दिवाळे निघाले आणि पुढची कित्येक वर्षे त्याने दारिद्र्यात काढली. शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये ज्या दोघांना विभागून मिळाले, त्यांतील एक हा दिवाळखोर व्यापारी होता.

त्या करारातून सैन्यातील डॉक्टराला एक वेगळे स्थान मिळाले. आज लागू असलेल्या १९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार, केवळ वैद्यकीय कामासाठी नेमलेल्या व्यक्तींवर हल्ला करता येत नाही. त्यांच्याजवळ लहान शस्त्र असू शकते, पण ते स्वतःच्या आणि आपल्या रुग्णांच्या रक्षणापुरतेच. जखमी माणूस कोणत्या बाजूचा आहे हे पाहून उपचार ठरवायचे नाहीत. आधी कोणाला घ्यायचे याचे कारण एकच असू शकते, आणि ते म्हणजे वैद्यकीय निकड. भारताने हे करार स्वीकारले आणि त्यांसाठी १९६० मध्ये संसदेने स्वतंत्र कायदाही केला. रुग्णांची निकडीप्रमाणे वर्गवारी करण्याची ही पद्धत नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लॅरी याने रूढ केली. हुद्दा पाहू नका, जखम पाहा, असा त्याचा दंडक होता. सैन्यासारख्या संस्थेत, जेथे पावलोपावली हुद्द्याला सलाम करावा लागतो, तेथे शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी हुद्दा गळून पडतो. बाजारात मोठे गिऱ्हाईक आधी पाहिले जाते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. सैन्याच्या डॉक्टराला पहिला धडा याच्या उलट शिकवला जातो.

भारताच्या इतिहासात याचे एक मोठे उदाहरण आहे. १९५० मध्ये कोरियात युद्ध सुरू झाले. भारताने लढाऊ पलटणी पाठवल्या नाहीत. त्याऐवजी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी पाठवली. कडाक्याच्या थंडीत, मागे सरणाऱ्या फौजांबरोबर आपली औषधे आणि अवजारे वाचवत त्या डॉक्टरांनी सैनिकांवर आणि सामान्य कोरियन नागरिकांवरही उपचार केले. रंगराज यांना महावीरचक्र मिळाले. याच तुकडीच्या वारशातील ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा तेथे जाऊन उभे राहिले. त्या वेळी युद्ध नव्हते, शत्रूही नव्हता. ढिगाऱ्यातून काढलेली माणसे तेवढी होती.

हे सारे वाचून मुलगी पुन्हा आप्पांसमोर बसली. "आप्पा, तुमच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला अजून सापडलेले नाही. बरा झालेला माणूस पुढे काय करील हे कोणत्याच डॉक्टराला ठाऊक नसते. पण आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. घेणारा पुढे कसा वागेल याची हमी घेऊन मग औषध द्यावे, असे कुठे सांगितले आहे काय?" आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही. पण प्रश्न मनात जागा ठेव. तो ज्या दिवशी झोपेल त्या दिवशी गणवेश जड व्हायला हवा."

आजीच्या शंका अधिक नित्याच्या होत्या, आणि म्हणून अधिक खऱ्याही. कंदमुळांचे काय? रात्रीच्या जेवणाचे काय? सैन्यात शाकाहारी जेवण मिळते, याबद्दल शंका नाही. पण सूर्यास्तापूर्वी जेवण आणि कांदा-बटाटा वर्ज्य हे नियम शस्त्रक्रिया लांबली की, किंवा बर्फातल्या चौकीत डबाबंद अन्नावर दिवस काढायची वेळ आली की, पाळणे कठीण जाते. मुलीने येथे खोटा धीर दिला नाही. "आजी, मांस कधीच नाही, एवढे मी नक्की सांगते. बाकीचे जितके जमेल तितके. जिथे जमणार नाही तिथे उपवास करीन किंवा जे मिळेल ते घेऊन प्रायश्चित्त घेईन." आजीला हे पटले नाही, पण नातीने लपवाछपवी केली नाही याचे तिला समाधान वाटले.

विवाहाचा विषयही निघाला. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणारी, कधी जम्मूला तर कधी जोरहाटला असणारी सून कोणते व्यापारी घर स्वीकारील? या काळजीवर कोणताही आकडा किंवा नियम उपयोगी पडत नाही. उदाहरणे मात्र आहेत. पुनिता अरोरा याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. भारतीय सेनादलांत लेफ्टनंट जनरल झालेल्या त्या पहिल्या महिला, आणि पुढे याच महाविद्यालयाच्या प्रमुखही झाल्या. माधुरी कानिटकर याही येथीलच. मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या त्या तज्ज्ञ. त्या २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. त्यांचे पतीही सैन्यात त्याच हुद्द्यापर्यंत पोचलेले. निवृत्तीनंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले, आणि ज्या विद्यापीठाशी एएफएमसी संलग्न आहे ते हेच. आरती सरीन या याच संस्थेच्या आणखी एक विद्यार्थिनी. त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या महिला. यांपैकी कोणाचेही जीवन सोपे गेले असेल असे नाही. पण गणवेशातील स्त्रीचा संसार होत नाही, ही समजूत त्यांनी खोटी ठरवली.

अण्णांनी मधला मार्ग सुचवला. तो विचारपूर्वक सुचवलेला होता आणि अनेक पालकांनी लक्षात ठेवावा असा आहे. सैन्यात डॉक्टर होण्यासाठी एएफएमसी हे एकच दार नाही. कोणत्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांनाही अल्पकालीन नेमणुकीने सेवेत घेतले जाते. साध्या एमबीबीएससाठी वयाची मर्यादा ३० वर्षे आणि पदव्युत्तर पदवी असेल तर ३५ वर्षे असते. "बाळ," अण्णा म्हणाले, "आत्ता बाहेर शीक. शुल्काची काळजी करू नकोस, गाळा आहे. डॉक्टर झाल्यावर तेवीस-चोवीस वर्षांची होशील, तेव्हाही वाटले तर जा. सतराव्या-अठराव्या वर्षी सात वर्षांचा शब्द कशाला द्यायचा?"

मुलीने दिलेले उत्तर तिच्या वयाच्या मानाने समंजस होते. तिने सांगितले की त्या वाटेने गेलेले डॉक्टर कमी नाहीत. पण तेवीस वर्षांनंतर तिच्यासमोर नेरूळमधला दवाखाना, पदव्युत्तर प्रवेश आणि घरच्यांचा आग्रह हे सारे उभे असेल आणि तेव्हा जाणे अधिक कठीण होईल, हे तिला आत्ताच दिसत होते. "अण्णा, तुम्ही मला निवड करायला वेळ देताय. पण मला भीती वाटते की तो वेळच माझी निवड करून टाकील."

शिक्षणाचे स्वरूपही तिने समजून घेतले होते. अभ्यासक्रम इतर महाविद्यालयांसारखाच, पण त्याच्या भोवती सैन्याची शिस्त. पहाटेची कवायत, गणवेश, वेळेचे बंधन. पदवीनंतर लष्कर, नौदल किंवा वायुदलात अधिकारी म्हणून नेमणूक आणि सैन्याच्या रुग्णालयात एक वर्षाची इंटर्नशिप. लष्करात जाणाऱ्यांसाठी पुढे लखनौच्या आर्मी मेडिकल कोअरच्या केंद्रात मूलभूत प्रशिक्षण. तेथे डॉक्टराला नकाशा वाचणे, तुकडीचे नेतृत्व करणे, जखमींना मैदानातून टप्प्याटप्प्याने मागे नेणे आणि लष्करी कायदा शिकवला जातो. नंतर प्रत्येक दलाचे शास्त्र वेगळे. पाण्याखालच्या दाबाने होणाऱ्या विकारांचा अभ्यास मुंबईत कुलाब्याच्या नौदल रुग्णालयाच्या परिसरातील नौदल वैद्यकशास्त्र संस्थेत होतो. वैमानिकांच्या शरीरावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास बंगळूरला. काही वर्षे सेवा झाल्यावर पदव्युत्तर शिक्षणाची दारे सेवेतूनच उघडतात.

या ज्ञानाचा लाभ सैन्यापुरता राहत नाही. १९६२ च्या युद्धानंतर हिमालयात हजारो जवानांना एकदम उंचावर नेले गेले, आणि शत्रूची गोळी न लागताही माणसे फुप्फुसात पाणी भरून दगावू लागली. इंद्रजीत सिंग या सेनाधिकारी डॉक्टराने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा निबंध १९६९ मध्ये अमेरिकेतील नामवंत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि आजही जगभर संदर्भासाठी वापरला जातो. आज जे यात्रेकरू आणि पर्यटक लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घेतात, त्यांच्या त्या सावधगिरीमागे अशा निरीक्षणांचे ऋण आहे.

एका रात्री आजीने मनातली भीती बोलून दाखवली. तिने कुठेतरी मेजर लैश्राम ज्योतिन सिंग यांच्याविषयी वाचले होते. मणिपूरचा हा तरुण सेनाधिकारी डॉक्टर भारताच्या वैद्यकीय मदत पथकात काबूलला गेला. २६ फेब्रुवारी २०१० रोजी पथकाच्या निवासस्थानावर दहशतवाद्यांनी हल्ला केला. ज्योतिन सिंग यांच्या हाती शस्त्र नव्हते. त्यांनी आत्मघातकी हल्लेखोराला मिठी मारून रोखून धरले, सहकाऱ्यांना निसटायला वेळ मिळाला आणि स्फोटात ते स्वतः गेले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. आजीने विचारले, "त्याच्या आईला ते चक्र घेऊन काय वाटले असेल?" त्यावर घरात कोणी काही बोलले नाही. मुलीनेही आजीचा हात हातात घेण्यापलीकडे काही केले नाही. या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार ज्या घरांवर तो प्रसंग येतो त्यांनाच असतो.

निवडयादी लागली. शारीरिक तपासणीही पार पडली. बंधपत्रावर सही करण्याच्या आदल्या दिवशी आप्पांनी साऱ्यांना बोलावले. चष्मा लावून त्यांनी तो कागद आरंभापासून शेवटपर्यंत वाचला, जसा ते एके काळी आडतीचा करार वाचत. मग म्हणाले, "माझी ना नाही. पण एक अट आहे. सही करण्यापूर्वी या घरातल्या प्रत्येकाने मनातून काढून टाकायचे, की पुढे रक्कम भरून हिला सोडवता येईल. सात वर्षे तर सात वर्षे, आणि कायमची नेमणूक आली तर कायमची. तिचे मन बदलले, तिला आजार झाला, काही संकट आले तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा आपण सगळे तिच्या मागे उभे राहू. पण बदली नको, गाव लांब आहे, स्थळ चांगले आले, अशा कारणांसाठी हे दार उघडायचे नाही." त्यांनी काकांकडे पाहिले. काकांनी मान हलवली. मुलीने सही केली, तिच्याखाली अण्णांनी केली.

ती पुण्याला गेली. पहिल्या महिन्यातच घरी फोन आला, की पहाटे उठून धावताना पायांना फोड आले आहेत आणि शरीररचनाशास्त्राची पुस्तके उशीपेक्षा जाड आहेत. आजीने संध्याकाळच्या जेवणाचे विचारले. उत्तर आले, "कधी उजेडात, कधी अंधारात." आजीने त्यावर काही म्हटले नाही.

दिवाळीला गाळ्यावर वहीपूजन झाले. नवी वही उघडल्यावर काकांनी जुन्या सवयीने सांगितले, की यंदा घरखर्चात शिक्षणाचा मोठा आकडा वाचला, तो बचतीच्या खात्यात दाखवू. आप्पा गादीवर बसले होते. त्यांनी वही मागून घेतली. "ती बचत नाही," ते म्हणाले. "सरकारने, म्हणजे ज्यांनी कर भरला त्या सगळ्यांनी, आपल्या पोरीवर तेवढा खर्च केला. ती रक्कम जमेच्या बाजूला लिहिलीस तर त्याच ओळीला देणे म्हणूनही लिही. ते पैशाने फिटायचे नाही. फेडणारी पुण्यात शिकते आहे." काकांनी पेन उचलले आणि आप्पांनी सांगितले तसेच लिहिले.